वर्तुळातला उ

माझ्या नणंदेनं आयुष्याची बत्तीस वर्षं डाग मोजण्यात घालवली. कपड्यांवरचे नव्हेत, ते खातं माझं. मी शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, आणि कोटावरचा डाग गिऱ्हाइकानं घरून आणला की माझ्या इस्त्रीनं पाडला, या विषयावर मी कुणाशीही अर्धा तास भांडू शकते. वन्संचे डाग काचेवरचे होते. त्यांच्यावरून भांडायला कधी कुणी आलं नाही. आलं ते थेट छत्तीस वर्षांनी, टपालानं, आणि तेही अतिशय सभ्य भाषेत.

पण आधी वन्सं कोण ते सांगते. आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतात. शहराबाहेरच्या टेकडीवर वेधशाळा आहे, तिथे नोकरीला होत्या. वेधशाळा म्हटलं की लोक लगेच विचारायचे, उद्या पाऊस आहे का? वन्सं शांतपणे सांगायच्या, “ती वेधशाळा वेगळी. आमच्याकडे फक्त जुनी खबर मिळते, चार-पाच कोटी वर्षांपूर्वीची.” समोरचा मान डोलावून छत्री घेऊनच निघायचा.

त्यांचं काम कळायला मला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटांत सांगते. त्या काळी आकाशाचे फोटो काचेवर घेत. मोठ्या वहीएवढी चौकोनी काच, तिच्या एका बाजूला प्रकाश टिपणारा लेप. ती दुर्बिणीला लावायची, तास-दीड तास आकाशासमोर उघडी ठेवायची, मग धुवायची. काचेवर आकाश पांढरं येतं आणि तारे काळे, पांढऱ्या बशीत मिरपूड सांडावी तसे. त्या मिरपुडीत मधूनच एखादा ठिपका कडेला पुसट असतो, शाईचं बोट टेकल्यासारखा. तो तारा नव्हे. ती दीर्घिका. अब्जावधी ताऱ्यांचा घोळका, पण इतका लांब की त्याचा एवढासा डाग व्हावा. काही दीर्घिका सर्पिल असतात, म्हणजे बेसिनमधून उतरताना पाणी वळतं तसे त्यांना वळलेले हात असतात. वन्संनी काय करायचं, तर भिंगाखाली काच कणाकणानं सरकवायची, असा डाग शोधायचा, दोन स्क्रू फिरवून तो मधल्या रेघेपासून किती डावीउजवीकडे आणि किती वरखाली आहे ते मोजायचं, आणि वहीत एक ओळ लिहायची. अनुक्रमांक, काचेचा क्रमांक, जागा, किती फिकट, आकार कसा, आणि शेवटी नखाएवढं चित्र. त्या ओळीला म्हणायचं नोंद, आणि सगळ्या नोंदींची मिळून सूची. जगातले खगोलवाले पुढे ती सूची उघडून आपापली दुर्बीण त्या जागी वळवतात.

ऐकायला सोपं आहे. पण काचेवर धूळ बसते, ओरखडा येतो, लेपात बुडबुडा राहतो, आणि ही सगळी मंडळी हुबेहूब दीर्घिकेसारखी दिसतात. धुळीला दीर्घिका म्हणायचं नाही आणि दीर्घिकेला धूळ समजून सोडायचं नाही, यातच सगळी अक्कल. वन्सं डोळ्यांत तेल घालून काम करायच्या. ऑफिसात त्यांना भिंगबाई म्हणत. घरी मीसुद्धा म्हणायची, पण मनातल्या मनात, कारण माझी शिवण धाग्याभरानं वाकडी गेली तरी त्या दारातूनच सांगायच्या.

सुट्टीच्या दिवशी त्या खाली येऊन मला मदत करायच्या. मी लग्न होऊन नुकती आले होते आणि नणंदेला काही बोलायची माझी छाती नव्हती. एकदा त्यांनी एका कोटाची बाही चक्क उलटी जोडली. कापडच असं होतं की सुलट कुठली, उलट कुठली, पटकन कळू नये. मी तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी धीर करून म्हटलं, “वन्सं, उलट बाजूवर खडूनं ‘उ’ लिहीत जाऊ या का आपण?” ‘आपण’ मुद्दाम घातलं. त्यांना पटलं. पण घाईघाईत खडूनं काढलेला उ आणि तीनचा आकडा यांत फार फरक नसतो. पुढच्याच आठवड्यात त्यांचा उ मी तीन समजले आणि एका गृहस्थांची पँट तीन इंचांनी आखूड केली. गृहस्थ काय म्हणाले ते सोडा. मग वन्संनीच तोड काढली. उच्या भोवती गोल. वर्तुळातला उ म्हणजे उलट. माझ्या दुकानात आजही तीच खूण चालते.

घरी त्या ऑफिसचं फारसं काढत नसत. काढलंच तर एकच गोष्ट रंगवून सांगायच्या, मलमवाल्याची. काच दुर्बिणीत भरायची ती मिट्ट काळोखात, नाहीतर प्रकाश लागून फुकट जाते. मग काळोखात लेपाची बाजू कळायची कशी? तर काचेचा कोपरा ओठाला टेकवायचा. चिकट लागेल ती लेपाची बाजू, ती आकाशाकडे करायची. काचा भरणारा माणूस यात तरबेज होता. पण एका हिवाळ्यात त्याचे ओठ फुटले, आणि त्यानं त्यावर बोटभर मलम फासलं. मग काय, दोन्ही बाजू चिकटच. कुणाच्या लक्षात येईपर्यंत तीन काचा पाठमोऱ्या भरून झाल्या होत्या. ही गोष्ट ऐकून आमचे हे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

त्याच हिवाळ्यातली दुसरी गोष्ट मात्र वन्संनी कधीच सांगितली नाही. ती मला सुईमुळे कळली.

वन्सं तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. एका फटक्यात सुई ओवणारी बाई. त्या दिवशी पाहिलं तर धागा ओला करताहेत, पिळताहेत, खिडकीपाशी जाताहेत, पुन्हा ओला करताहेत. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले. वेधशाळेत तेव्हा नियम होता: दर वर्षी डोळ्यांची तपासणी, आणि चष्मा लागला की भिंग सोडून पत्रव्यवहाराच्या टेबलावर बदली. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात वन्सं भांडी विसळताना पुटपुटत होत्या, “ट, ळ, र, घ, ण, भ.” मला वाटलं, कुणाला तरी शिव्या देताहेत, नुसत्या पहिल्या अक्षरांनी. त्या डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करत होत्या. पास झाल्या. चार महिने तशाच भिंगाशी बसल्या. मग नवे साहेब आले. त्यांचा स्वतःचाच चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड. त्यांनी तो नियम मोडीत काढला आणि वन्संनी दुसऱ्याच दिवशी चष्मा करायला टाकला.

त्या चार महिन्यांत मी एवढंच केलं की सुट्टीच्या दिवशी सकाळीच दहाबारा सुया ओवून टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवायची. काळा, पांढरा, राखाडी, तपकिरी. वन्सं यायच्या, हवी ती सुई उचलायच्या, कामाला लागायच्या. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. पुढे चष्मा आल्यावरही विषय निघाला नाही. नणंदेच्या चुका पकडायची संधी आयती चालून आलेली असताना गप्प बसलेली मी एकटीच भावजय असेन, असं मला उगीचच वाटायचं.

गेल्या वर्षी ते पत्र आलं. वन्संना सत्त्याहत्तरावं चालू होतं, निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, बाकी सगळं ठीक होतं. वेधशाळेत जुन्या सगळ्या सूच्या एकत्र करून नवी मोठी सूची करणं चाललं होतं. प्रत्येक जुनी नोंद आजच्या फोटोंवर पुन्हा ताडून बघत होते. पत्र त्या कामाच्या प्रमुखांचं होतं. आपण नोंदलेल्या बाराशेच्या वर दीर्घिकांपैकी बाकी सर्व जागच्या जागी सापडल्या, याबद्दल अभिनंदन. मात्र नोंद क्रमांक २१२, फिकट सर्पिल दीर्घिका, त्या जागी आणि आसपास कुठेही आढळली नाही. मूळ काच पूर्वीच कपाट हलवताना फुटली असल्यानं ती तपासता येत नाही. तेव्हा ही नोंद ‘अस्तित्वात नाही, बहुधा काचेवरील डाग’ असा शेरा मारून वगळण्यात येत आहे. आपल्याला काही सांगायचं असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावं. सोबत वहीतल्या त्या ओळीची छायाप्रत.

आमच्या ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, “एवढंच ना? बाराशेत एक. आकाशात काय दीर्घिकांचा तुटवडा पडलाय का?”

वन्संनी पत्र घडी घालून घेतलं आणि वर गेल्या. आठ दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. नवव्या दिवशी त्या दुकानात येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. मी एका पडद्याची किनार घालत होते.

“दोनशे बारा त्याच चार महिन्यांतली आहे,” त्या म्हणाल्या.

कुठले चार महिने हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो विषय आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसला होता.

“फिकट दीर्घिका म्हणजे काय गं? पुसट डाग. आणि ज्याला नीट दिसत नाही त्याला सगळंच पुसट दिसतं. तारासुद्धा. धुळीचा कणसुद्धा. मी काय बघितलं आणि काय लिहिलं, कुणास ठाऊक.”

“पण तुम्हीच तर सांगायच्या, भिंग पुढंमागं केलं की कसल्याही डोळ्याला स्वच्छ दिसतं.”

“ते मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “पण मग मी तक्ता पाठ कशाला केला?”

त्या पुढे म्हणाल्या, “एका दीर्घिकेचं मला काही नाही. असेल तर आहे, नसेल तर नाही. पण ती ओळ खोटी असेल, तर मी नोकरी टिकवायला खोटं लिहिलं असा त्याचा अर्थ होतो. मग बाकीच्या बाराशे ओळी खऱ्या निघाल्या ते माझं नशीब. त्यात माझं काय?”

मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं हे ओझं एकटीनं वागवलं आणि खाली माझ्यापर्यंत चौदा पायऱ्या उतरता आल्या नाहीत, याचा राग. पण पडद्याची किनार वाकडी गेली असती म्हणून मी तो गिळला.

वन्संनी उत्तर लिहिलं होतं. टपालानं न पाठवता हातानं द्यायचं ठरवलं. पाकीट माझ्या पिशवीत ठेवायला दिलं. चिकटवलेलं नव्हतं, म्हणून मी वाचलं. त्याबद्दल मला खेद नाही. चारच ओळी होत्या. त्या काळात माझी दृष्टी अधू होती. तपासणीत मी ती गोष्ट लपवली. नोंद २१२ वगळावी. त्या चार महिन्यांतल्या इतर नोंदींपुढेही तसा शेरा मारावा. खाली सही, रेघ मारून, दोन टिंबं देऊन. सापडलेल्या, खऱ्या निघालेल्या ओळींवरही ही बाई स्वतःच्या हातानं काट मारायला निघाली होती.

दुपारच्या बसनं आम्ही टेकडीवर गेलो. उतारूंमध्ये आम्ही दोघी आणि एक माळी. वन्संनी चांगला कोट घातला होता, त्याचं वरचं बटण मीच आदल्या दिवशी, त्यांनी न सांगताच, घट्ट केलं होतं. सगळा रस्ता त्या बाहेर बघत होत्या.

सूचीचं काम बघणारे गृहस्थ पन्नाशीचे, कोपरं विरलेला स्वेटर घातलेले, फार नम्र. खुर्ची द्यायला स्वतः उठले. खोलीत एक मोठा पडदा असलेला संगणक, भिंतभर कपाटं, आणि खिडकीत सुकत चाललेलं एक झाड. “आपल्या हातच्या नोंदी आमच्याकडे नमुना म्हणून दाखवतात,” ते वन्संना म्हणाले. हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, पण वन्संचा चेहरा आणखीच उतरला.

“तुमच्या पत्राचं उत्तर आणलंय,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “पाकीट दे गं.”

मी पिशवीत हात घातला. पाकीट वरच होतं. मी त्याच्याखाली टेप चाचपला, चष्म्याचं घर चाचपलं, रुमाल चाचपला, आणि म्हटलं, “आधी ती वही बघू द्या की साहेब. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय.”

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी जागच्या जागी गार झाले असते. पण गृहस्थ खूश झाले. त्यांनी कपाटातून ती वही काढली, जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, आणि २१२ची ओळ उघडून माझ्यापुढे ठेवली. वन्संचं अक्षर तेच, बारीक, ताठ. उजवीकडे नखाएवढं चित्र: मधे ठिपका, दोन वळलेले हात, शेजारी दोन तारे अगदी जवळजवळ. छायाप्रतीत हे सगळं होतंच. पण छायाप्रतीत पानाची डावी कड आली नव्हती. तिथे समासात, अनुक्रमांकाशेजारी, पेन्सिलनं एक खूण होती.

“हा माझा उ आहे,” मी म्हटलं.

गृहस्थांना कळेना. “हा ना? हा उत्तर दिशेचा उ. आपण आकाशाच्या उत्तर भागातल्या नोंदींना उ लावतो, दक्षिणेतल्यांना द.”

“उत्तरेचा उ इथे जागेच्या रकान्यात आहेच की. मग पुन्हा कशाला?”

“चुकून दोनदा लिहिला असेल असं आम्ही धरलं.”

“चुकून?” माझा आवाज जरा चढला. “ही बाई चुकून दोनदा काही लिहील? आणि चुकून त्याच्याभोवती गोल काढील?”

वन्संनी पर्समधून चष्मा काढून लावला. वही जवळ ओढली. त्या पानाकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला भीती वाटली, बरं वाटत नाहीये की काय. मग त्या हळूच म्हणाल्या, “मलमवाला.”

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी ती गोष्ट त्यांना सांगितली, ओठ, मलम, तीन काचा, सगळं. त्यात वन्संच्या बाहीचं आणि त्या आखूड पँटचंही सांगितलं, कारण त्याशिवाय गोल कसा कळणार? गृहस्थ हसायला लागले आणि मधेच थांबले. त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरलं असावं. ते वन्संना म्हणाले, “म्हणजे ही काच पाठमोरी भरलेली होती?”

“हो,” वन्सं म्हणाल्या. आता त्यांचा आवाज ऑफिसातला झाला होता. “चित्र आरशातल्यासारखं आलं होतं, डाव्याचं उजवं. काच पालथी घालून मोजता येत नाही, लेप खाली गेला की भिंग तिथवर पोचत नाही. म्हणून आहे तसंच मोजलं आणि समासात खूण केली, की जागेचं गणित करताना डावंउजवं बदला. गणितवाल्यांना तोंडीही सांगितलं होतं. पण ते बदलून गेले. गणित दोन वर्षांनी झालं, ते नव्या माणसानं केलं.” मग त्या म्हणाल्या, “तिन्ही काचांवर मिळून नवीन अशी ही एकच सापडली होती. मी विसरूनच गेले होते.”

गृहस्थ संगणकासमोर बसले. एका आकड्यामागचं अधिक चिन्ह पुसून उणे केलं. पडद्यावर आकाश आलं, करड्या रंगाचं, तारे विखुरलेले, आणि मधोमध काहीच नाही. वन्संनी खुर्चीचा हात धरला. मीही धरला, तोच. गृहस्थ म्हणाले, “थांबा, फार फिकट आहे म्हटलंय ना,” आणि कुठलीशी कळ दाबत राहिले. करडा रंग हळूहळू गडद होत गेला. मग मधे एक पुसट डाग आला. मग त्याला कडा आल्या. मग दोन हात आले.

मी लगेच छायाप्रत काढून पडद्याशेजारी धरली, आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. “वन्सं, हात चुकीच्या बाजूला वळताहेत. तुमच्या चित्रात डावीकडे आहेत, इथे उजवीकडे.”

“तसेच असायला हवेत,” वन्सं म्हणाल्या. “काच उलट होती.”

मी आयुष्यभर उलट-सुलट करत आलेली बाई, आणि हे मला कळू नये. मी छायाप्रत घेऊन खिडकीपाशी गेले, कागद पालथा करून काचेवर टेकवला. मागून उजेड आला. रेघा कागदातून आरपार दिसल्या. दोन हात उजवीकडे वळलेले, शेजारी दोन तारे जवळजवळ. गृहस्थ उठून आले आणि माझ्या खांद्यावरून बघू लागले. एकदा कागदाकडे, एकदा पडद्याकडे. मग पुन्हा कागदाकडे.

“तीच आहे,” ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. असा पडला की मला बसावं लागलं. वन्सं मात्र उभ्या राहिल्या, गुडघ्यांची पर्वा न करता पडद्याजवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

“हिच्यावर एक नंबर आहे आधीचा,” गृहस्थ सांगत होते. “यंत्रानं सगळं आकाश मोजलं तेव्हा आपोआप पडलेला, अठरा आकडी. असे कोट्यवधी आहेत. यंत्रानं मोजली, पण माणसानं कुणी बघितली नव्हती. तुमच्यानंतर आज आम्हीच.”

त्यांनी २१२चा शेरा पुसला आणि नवा लिहायला घेतला. मला वाटलं, आता उठावं, बस गाठावी. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, “पाकीट दे.”

“आता कशाला?” मी म्हटलं.

“दे म्हटलं ना.”

मी दिलं. नणंद ती नणंद. गृहस्थांनी चारही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग कागद नीट घडी घालून पाकिटात ठेवला आणि पाकीट वन्संच्या हातात परत दिलं.

“हे मी कुठे लावू, बाई?” ते म्हणाले. “सूचीत दीर्घिकांची अवस्था लिहायला रकाना आहे, बघणाऱ्यांची लिहायला नाही. आणि त्या चार महिन्यांतल्या नोंदी मी स्वतः ताडल्यात. एकूण एक आहेत.”

“एकूण एक?”

“आजपासून एकूण एक.”

पाकीट वन्संनी माझ्या पिशवीत नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. निघताना गृहस्थांनी मला विचारलं, की नव्या सूचीत सुरुवातीला खुणांचा तक्ता असतो, त्यात ती खूण घालावी लागेल, तर तिचं मूळ काय लिहू? मी म्हटलं, लिहा, शिवणकाम. त्यांनी लिहिलं की नाही कुणास ठाऊक. पण सूची आली तेव्हा खुणांच्या तक्त्यात वर्तुळातला उ होता, आणि पुढे ‘मूळ काच उलट’ असं छापलेलं होतं. म्हणजे एका दीर्घिकेला एवढी वर्षं हरवून ठेवायला माझाच खडू कारण झाला, हेही छापलं गेलं म्हणायचं. आमचे हे ते पान येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी बसमध्ये परतताना वन्सं खिडकीशी बसल्या होत्या, माळी पुढच्या बाकावर पेंगत होता. अर्ध्या वाटेवर त्या अचानक पुटपुटल्या, “ट, ळ, र, घ, ण, भ.” आणि हसायला लागल्या. मी तर इतकी हसले की माळी जागा झाला. हसता हसता मी म्हटलं, “वन्सं, सुया कोण ओवून ठेवायचं ते माहीत होतं ना?”

“नाही तर काय, आपोआप ओवल्या जायच्या?” त्या म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा अजून ऊन होतं. त्यांच्या कोटाचं मधलं बटण बसमध्ये लोंबायला लागलं होतं. एरवी त्या कोट घेऊन वर गेल्या असत्या, दार लावून तासभर धागा आणि सुई यांच्याशी झटापट करत बसल्या असत्या, आणि खाली येऊन म्हणाल्या असत्या, झालं. आज त्या दुकानातच थांबल्या. कोट काढून स्टुलावर ठेवला. उशीतली एक रिकामी सुई उपसली, काळा धागा तोडला, आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं.

“ओवून दे गं,” वन्सं म्हणाल्या. “मला दिसत नाही.”